ईलॅन: माणसांचं बोलणं अभ्यासणाऱ्यांसाठीचं साधन, आणि त्यावर घालवायचा पहिला तास

भाषेमुळे माणसांचे संबंध कसे घडतात हे सांगणं सोपं, दाखवणं अवघड. कोण कोणाला ‘या’ म्हणतं आणि कोणाला ‘ये’, कोणाचं वाक्य मध्येच तोडलं जातं, समोरच्याचा हुंकार वेळेवर येतो की रेंगाळून, हाच या अभ्यासाचा कच्चा माल. मुलाखत ऐकत ऐकत वर्डमध्ये सरळ उतरवून काढली की यातलं बहुतेक सगळं हातातून निसटतं. शब्द राहतात, वेळ जाते.

ईलॅन हे सॉफ्टवेअर वेळ धरून ठेवतं. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत ते तयार झालं आणि तिथेच त्याची देखभाल होते. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मत आधीच सांगायचं तर, दोन किंवा अधिक माणसांचं खरंखुरं संभाषण अभ्यासून त्यावर शोधनिबंध छापायचा असेल तर यापेक्षा चांगलं साधन नाही. अट एकच. फाइल उघडल्यावर एक शब्दही उतरवण्याआधी पहिला तास आखणीला द्यायचा. तो वाचवणारे पुढे आठवडे घालवतात.

काम चालतं ते असं. ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओ ईलॅनच्या फाइलला जोडायचा. तो फाइलच्या आत जात नाही, बाहेरच राहतो, फाइलमध्ये फक्त त्याचा पत्ता नोंदला जातो. खाली आडव्या पट्ट्या असतात, ईलॅन त्यांना टिअर म्हणतं. प्रत्येक बोलणाऱ्याची एक पट्टी. पट्टीवरच्या प्रत्येक नोंदीला सुरुवात आणि शेवट असतो, मिलिसेकंदात. नोंदीवर क्लिक केलं की तेवढाच तुकडा ऐकू येतो. निबंधात छापलेल्या ओळीपासून मूळ आवाजापर्यंत एका क्लिकमध्ये परत जाता येणं, ही या साधनाची खरी किंमत आहे. परीक्षकाने ‘इथे खरंच विराम आहे का?’ असं विचारलं तर तीस सेकंदांत उत्तर देता येतं.

आडव्या पट्ट्यांचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. भाषेच्या अभ्यासक एलिनॉर ओक्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे उतरवून काढलेलं बोलणं, कागदावर कसा मांडला जातो यातच एक भूमिका दडलेली असते. मोठ्या माणसाचं बोलणं डाव्या रकान्यात आणि लहान मुलाचं उजव्या रकान्यात लिहिलं, तर डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याला वाटतं की विषय मोठेच काढतात आणि मूल फक्त उत्तरं देतं. ईलॅनमध्ये सगळे एकाच काळरेषेवर एकमेकांखाली येतात. तरी वर कोण आणि खाली कोण हा प्रश्न उरतोच. पट्ट्यांचा क्रम ओढून बदलता येतो, तेव्हा विश्लेषण करताना एकदा तो उलटा करून बघावाच. वरच्याला ‘मुख्य वक्ता’ मानायची सवय डोळ्यांना नकळत लागलेली असते.

जवळून बघू. वरच्या पट्टीवर ‘मग मी सरळ जाऊन त्यांना विचारलं’ हा जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा. खालच्या पट्टीवर दुसऱ्या माणसाचा छोटासा ‘हं’. हा ‘हं’ ‘सरळ’ या शब्दावर पडला तर ऐकणारा गोष्टीत सामील आहे. ‘विचारलं’ संपतासंपता पडला तर तो बोलणाऱ्याला पुढे जायला वाट देतोय. वाक्य संपून पाऊण सेकंद गेल्यावर आला तर बोलणाऱ्याला त्यात नापसंतीची चाहूल लागू शकते, आणि पुष्कळदा तो पुढच्याच वाक्यात आपलं म्हणणं सावरून घेतो. वर्डमध्ये या तिन्ही ठिकाणी एकच ओळ दिसली असती: ‘हं’.

पट्ट्यांची आखणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सावकाश वाचावं.

ईलॅनमध्ये पट्टी करण्याआधी तिचा प्रकार, म्हणजे टिअर टाइप, ठरवावा लागतो आणि त्या प्रकाराला एक साचा असतो. साचे पाच. ‘नन’ म्हणजे स्वतंत्र पट्टी, थेट वेळेला बांधलेली. ‘टाइम सबडिव्हिजन’मध्ये वरच्या नोंदीचे वेळेसकट तुकडे पडतात, मध्ये फट चालत नाही. ‘इन्क्लुडेड इन’मध्येही वेळ असते, पण फट चालते, फक्त वरच्या नोंदीच्या हद्दीबाहेर जाता येत नाही. ‘सिम्बॉलिक सबडिव्हिजन’मध्ये वेळ नसते, नुसता क्रम असतो. शब्दाचे प्रत्यय सुटे करायला हा उपयोगी. ‘सिम्बॉलिक असोसिएशन’ म्हणजे वरच्या एका नोंदीला खाली एकच नोंद. भाषांतर, शेरा, कोड (नोंद कुठल्या वर्गातली हे सांगणारी खूण) यासाठी.

हे समजायला संबोधनाचा अभ्यास घेऊ. ब्राउन आणि गिलमन या संशोधकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांमधली जवळिकीची आणि आदराची सर्वनामं सत्ता आणि आपलेपणा या दोन अक्षांवर मांडली. तेव्हापासून हा विषय समाजभाषाविज्ञानात पक्का रुजलाय. मराठी संभाषणात तो मोजायचा तर पट्ट्या अशा लावाव्यात: प्रत्येक वक्त्याची एक मुख्य पट्टी, साचा ‘नन’. तिच्याखाली ‘संबोधन’ पट्टी, साचा ‘इन्क्लुडेड इन’, कारण एका वाक्यात संबोधन दोनदाही येतं आणि प्रत्येकाची वेळ हवी. तिच्याखाली तीन पट्ट्या ‘सिम्बॉलिक असोसिएशन’च्या: रूप, कोणाला उद्देशून, दोघांचं नातं.

‘रूप’ पट्टीला नियंत्रित शब्दसूची जोडावी. मग कोड टाइप करावा लागत नाही, यादीतून निवडायचा. ‘तुम्ही’ एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ असा प्रकार उरत नाही. यादी करताना मात्र भाषा नीट माहीत हवी. नुसते तू, तुम्ही, आपण असे तीन कोड पुरत नाहीत. ‘तुम्ही’ एका माणसाला आदराने म्हटलंय की चौघांना मिळून? ‘आपण’ म्हणजे समोरच्याला फार आदराने, की तू आणि मी दोघं? आणि सर्वनाम आलंच नाही तर? ‘बसा ना’, ‘कधी आलास?’ यांत सर्वनाम नाही, पण निवड झालेली आहे, ती क्रियापदावर उमटलीय. नुसती सर्वनामं शोधून मोजणाऱ्याच्या हातून अशी वाक्यं सुटतात आणि आकडेवारी एका बाजूला झुकते.

समाजभाषावैज्ञानिक विल्यम लॅबोव्ह यांनी सांगितलेलं उत्तरदायित्वाचं तत्त्व हेच: रूप जिथे आलं तेवढंच मोजायचं नाही, जिथे येऊ शकत होतं आणि आलं नाही तीही जागा मोजायची. ईलॅनमध्ये याचा अर्थ, समोरच्याला उद्देशून केलेल्या प्रत्येक क्रियापदाला ‘संबोधन’ पट्टीवर नोंद हवी. काम वाढतं, पण निष्कर्ष टिकतो.

मराठीची आणखी एक गंमत कोड ठरवतानाच लक्षात घ्यावी लागते. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत समोरच्याचं लिंग दिसतं. ‘तुम्ही आलात’ म्हटलं की ते पुसलं जातं. म्हणजे आदरार्थी रूपाच्या नोंदीत ऐकणाऱ्याचं लिंग शब्दांवरून कळणारच नाही, ते सहभागी व्यक्तींच्या माहितीतून वेगळं भरावं लागेल. हा रकाना आधी ठेवला नाही तर हजारभर नोंदी झाल्यावर मागे जाऊन भरत बसावं लागतं.

शब्दसूचीतल्या प्रत्येक कोडला वर्णनाची जागा असते. ती रिकामी सोडू नये. ‘आपण-आदर: एकाच व्यक्तीला उद्देशून, बोलणारा क्रियेत सामील नाही’ अशी एक ओळ तिथे असली की सहा महिन्यांनी किंवा दुसऱ्या माणसाने कोड लावताना वाद उरत नाही. प्रत्येक कोडला शॉर्टकट कीसुद्धा देता येते. काम खरोखर भराभर होतं.

आता दोष. नोंदी भरल्यावर पट्टीचा साचा बदलता येत नाही. ‘सिम्बॉलिक असोसिएशन’ निवडलं आणि नंतर कळलं की एका वाक्यात दोन संबोधनं आहेत, तर नवी पट्टी करून नोंदी तिथे नेण्याखेरीज मार्ग नाही. म्हणून दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावर संपूर्ण आखणी शेवटपर्यंत, म्हणजे तक्ता बाहेर काढून आकडे येईपर्यंत, चालवून बघावी. मगच ती टेम्प्लेट म्हणून जतन करून बाकी सगळ्या फाइली त्यावरून कराव्यात. नवा वक्ता आला तर हाताने पट्ट्या करू नयेत. टिअर मेनूत नवा सहभागी जोडायची सोय आहे, ती जुन्या वक्त्याचा सगळा संच जसाच्या तसा नव्या नावाने करून देते.

उतरवण्याचं काम

ईलॅन उघडल्यावर जो पडदा दिसतो तो अॅनोटेशन मोडचा. नवशिके तिथेच माउसने ओढून ओढून एकेक तुकडा करत बसतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. काम दोन फेऱ्यांत करावं.

पहिली फेरी सेगमेंटेशन मोडमध्ये. इथे ऐकायचं आणि फक्त तुकडे पाडायचे, लिहायचं नाही. संभाषणासाठी दोन कळांचा पर्याय निवडावा: बोलणं सुरू झालं की एकदा एंटर, संपलं की पुन्हा एंटर. एका कळेचा, सलग तुकड्यांचा पर्याय एकटा माणूस बोलत असेल तेव्हाच चांगला, कारण त्यात दोन तुकड्यांमधली शांतता कुठल्या तरी तुकड्याच्या पोटात जाते. एका वेळी एकाच वक्त्याची पट्टी करावी. दोघांची एकदम करायला गेलं की एकावर एक आलेलं बोलणं हमखास चुकतं.

दुसरी फेरी ट्रान्सक्रिप्शन मोडमध्ये. सगळे तुकडे तक्त्यासारखे समोर येतात. टॅब दाबला की तुकडा वाजतो, मजकूर लिहून एंटर दाबलं की पुढचा. माउसला हात लावावा लागत नाही. इथे एक गोष्ट अडवते: या तक्त्यातला रकाना पट्टीच्या नावावरून ठरत नाही, पट्टीच्या प्रकारावरून ठरतो. प्रत्येक वक्त्याच्या मुख्य पट्टीला वेगळा प्रकार दिला असेल तर सगळे वक्ते एका रकान्यात येत नाहीत आणि संभाषण सलग वाचता येत नाही. सगळ्या मुख्य पट्ट्यांना एकच प्रकार द्यावा.

वेळेचा अंदाज बांधताना हात सैल ठेवावा. दोघांच्या तासभराच्या गप्पा नुसत्या उतरवायला सरावलेल्या माणसालाही सहा ते दहा तास लागू शकतात. चौघं असतील, मागे गोंगाट असेल, तर याहून बरंच जास्त. कोड लावणं वेगळं.

मग यंत्राकडूनच का उतरवून घेऊ नये? व्हिस्परसारखी साधनं सबटायटलची फाइल देतात आणि ती ईलॅनमध्ये आणता येते. नुसता आशय हवा असेल तर पुष्कळ वेळ वाचतो. समाजभाषिक कामासाठी मात्र जपून. ही साधनं अडखळणं, पुनरुक्ती, अर्धवट सोडलेली वाक्यं आणि हुंकार साफ करून टाकतात, दोघं एकदम बोलले तर एकालाच पकडतात आणि शांततेच्या जागी कधीकधी न बोललेलं वाक्यही घालतात. म्हणजे नेमकं जे मोजायचं तेच नाहीसं होतं. शिवाय सगळं एकाच पट्टीवर येतं, वक्ते हाताने वेगळे करावे लागतात. कच्चा आराखडा म्हणून घ्यावं आणि प्रत्येक ओळ आवाजाशी ताडून घ्यावी.

कुठे घात होतो

सगळ्यात मोठा घात नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे नोंदी एकमेकींवर आल्या तर काय करायचं याच्या नेहमीच्या पर्यायात. एकाच पट्टीवर दोन नोंदी एकमेकींवर येऊ शकत नाहीत. मग नव्या नोंदीची हद्द जुनीवर गेली की जुनी कापली जाते, आणि नवीने तिला पूर्ण झाकलं तर ती जाते. न विचारता. जुनी नोंद पुढे ढकलायची असेल तर बुलडोझर मोड, पुढचं सगळंच सरकवायचं असेल तर शिफ्ट मोड असतो, पण शिफ्टमध्ये पुढच्या सगळ्या नोंदी आवाजापासून सुटतात. संभाषणाच्या कामात नॉर्मल मोडच ठेवावा, मात्र हद्दी बदलताना दोन्ही बाजूंना काय आहे ते बघूनच. वरची नोंद पुसली की तिच्याखालच्या सगळ्या नोंदीही पुसल्या जातात, हेही ध्यानात असू द्यावं. फाइल मेनूतला ऑटोमॅटिक बॅकअप पहिल्याच दिवशी पाच मिनिटांवर लावून ठेवावा.

दुसरा घात ध्वनीच्या फाइलचा. बदलत्या बिटरेटची एमपी३ फाइल जोडली की वेळ हळूहळू घसरते, नोंदीवर क्लिक केलं की आवाज थोडा आधीचा किंवा नंतरचा येतो. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओचंही तसंच, त्यात फ्रेमचा वेग स्थिर नसतो. काम सुरू करण्याआधी आवाज वॅव्हमध्ये आणि व्हिडिओ स्थिर फ्रेमवेगात बदलून घ्यावा, एफएफएमपेगने दोन्ही होतं, हँडब्रेकने फक्त व्हिडिओचं. नोंदी करून झाल्यावर फाइल बदलली तर सगळ्या हद्दी पुन्हा तपासाव्या लागतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्यांचं वॅव्ह तासाला साधारण ६३५ एमबी होतं. जागा लागते, पण ध्वनीचा आलेख स्वच्छ दिसतो आणि हद्दी डोळ्यांनी लावता येतात.

दोन यंत्रांवर मुद्रण केलं असेल तर सुरुवातीला एक टाळी वाजवावी आणि सिंक्रोनायझेशन मोडमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवावी. शेवटीही एक टाळी हवी. दोन यंत्रांची घड्याळं अगदी एकसारखी चालत नाहीत. तासाभरानंतर शेवटच्या टाळीत फरक दिसला तर ईलॅन तो दुरुस्त करत नाही, कारण ते फक्त सुरुवातीचा फरक भरून काढतं. ध्वनिसंपादनाच्या साधनात एक फाइल किंचित ताणून घ्यावी लागते.

देवनागरीत शोध

देवनागरी लिहायला अडचण येत नाही. शोधताना येते. ‘तू’ शोधला की ‘वस्तू’, ‘हेतू’, ‘तूप’ सगळं येतं, कारण साधा शोध शब्दाचा तुकडाही पकडतो. उपाय असा: मुख्य पट्टीवरून टोकनाइझ करून, म्हणजे वाक्यांचे सुटे शब्द पाडून, शब्दांची वेगळी पट्टी करावी आणि तिच्यावर ‘एक्झॅक्ट मॅच’ लावावा.

याहून चकवणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही एकसारखे. ईलॅनच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. ‘तिसऱ्या’ शोधून अर्ध्याच नोंदी सापडल्या तर कारण हे. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, किंवा अ आणि वर चंद्र. दोन माणसं उतरवत असतील तर पहिल्या दिवशी दोघांनी एकच कीबोर्ड ठरवावा, आणि काम झाल्यावर शोधा-बदला करून सगळं एकाच तऱ्हेवर आणावं. शब्दांची वारंवारता मोजून छापलेल्या आकड्यात ही चूक गेली तर कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणूनच ती वाईट.

कोडची विश्वासार्हता

दुसऱ्या माणसाने काही भाग स्वतंत्रपणे कोड केला आहे का, असं परीक्षक विचारतात, आणि विचारावंच. ईलॅनमध्ये दोन कोडकर्त्यांच्या पट्ट्या एकमेकींशी ताडायची सोय आहे, कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून दोघांचं एकमत किती हे सांगणारा आकडा, सुधारित रूपात काढता येतो. त्यात आधी दोघांच्या नोंदी वेळेच्या दृष्टीने एकमेकींवर किती याव्यात हे ठरवावं लागतं, मग कोड जुळतात का ते बघितलं जातं. म्हणजे दोघांनी तुकडे वेगवेगळे पाडले असतील तर कप्पा पडतो आणि दोष कोडचा वाटतो. तुकडे आधी एकत्र नक्की करावेत, मग तीच फाइल दोघांना द्यावी. मतभेद झालेल्या नोंदी चर्चेने मिटवून पुसून टाकू नयेत. त्या कुठे झाल्या ते लिहून ठेवावं, कारण ‘आपण’सारख्या रूपावर दोन मराठी माणसांचं एकमत होत नाही हाच कधीकधी शोध असतो.

छापण्यापर्यंतचा रस्ता

कोड झाले की टॅबने विभागलेला मजकूर म्हणून तक्ता बाहेर काढावा. प्रत्येक पट्टीला वेगळा रकाना हा पर्याय निवडला तर रूप, उद्देशून, नातं एकाच ओळीत येतं आणि आर किंवा तत्सम सांख्यिकीच्या साधनात लगेच वापरता येतं. अक्षरांच्या संकेतनासाठी यूटीएफ-८ निवडावं. ती फाइल एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. डेटा मेनूतून मजकूर आयात करून तिथे यूटीएफ-८ निवडलं की ठीक होतं. बिघडलेली फाइल त्याच नावाने जतन करून बसू नये.

निबंधात उतारे द्यायचे तिथे ईलॅन कमी पडतं. संभाषण-विश्लेषक गेल जेफरसन यांच्या पद्धतीने एकावर एक बोलणं चौकटी कंसांनी दाखवतात आणि वरचा कंस खालच्या कंसाच्या अगदी वर यावा लागतो. ईलॅन उतारा मजकूर म्हणून बाहेर काढतं, शांततेचा कालावधीही घालतं, पण कंस जुळवून देत नाही. रोमन लिपीत समान रुंदीच्या अक्षरांचा फाँट वापरून हे जमवतात. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रांमुळे तशी समान रुंदी मिळत नाही, आणि मुद्रितशोधनात फाँट बदलला की कंस भरकटतात. अदृश्य रेषांचा तक्ता करून त्यात ओळी बसवणं हा टिकणारा उपाय. प्रूफ आलं की सगळ्यात आधी कंसच बघावेत.

आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत तीन ओळी लागतात: मूळ वाक्य, शब्दशः फोड, भाषांतर. १९७२ मध्ये सुरू झालेलं ‘लँग्वेज इन सोसायटी’ असो की १९९७ मधलं ‘जर्नल ऑफ सोशिओलिंग्विस्टिक्स’, लिहायचं इंग्रजीत. ‘तू कधी आलास?’ आणि ‘तुम्ही कधी आलात?’ यांचं इंग्रजी भाषांतर एकच होतं. ज्या फरकावर अख्खा निबंध उभा आहे तो तिसऱ्या ओळीत नाहीसा होतो आणि फक्त मधल्या ओळीत जगतो. ती ओळ जागा वाचवायला कधीही काढू नये. अशा फोडीसाठी पाळल्या जाणाऱ्या लाइपझिगच्या नियमांप्रमाणे वरच्या ओळीत जितके शब्द आणि जोडरेषा, तितकेच खालच्या ओळीत हवेत. त्यासाठी ईलॅनमध्ये सुरुवातीपासून ‘फोड’ आणि ‘भाषांतर’ अशा दोन पट्ट्या ठेवल्या तर उतारे निवडताना काम तयार असतं.

इथे एक तक्रार मनापासून नोंदवायला हवी. शब्दमर्यादा सगळ्यांना सारखी असते, पण इंग्रजी संभाषणावर लिहिणाऱ्याचा उतारा एक ओळ खातो आणि इतर भाषांवर लिहिणाऱ्याचा तीन. तेवढं विश्लेषण कापावं लागतं. उतारे शब्दसंख्येत धरता का, हे संपादकांना निबंध पाठवण्याआधी विचारावं. धरत असतील तर बाकीचे उतारे पुरवणीत टाकावेत आणि निबंधात फाइलचं नाव आणि वेळ द्यावी, ‘००:१४:०७.३२०’ अशी. २०१९ च्या ट्रॉम्सो शिफारशींमध्ये भाषिक साहित्याचा संदर्भ पुस्तकाच्या संदर्भाइतकाच काटेकोर असावा असा आग्रह आहे, आणि ईलॅनमुळे तो पाळणं सोपं होतं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. स्वरांचे फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणाऱ्या अनुनादाच्या वारंवारता), सुराची उंची मोजायची असेल तर आम्सटरडॅमच्या बुर्स्मा आणि वेनिंक यांचं प्राट. ईलॅन आणि प्राट यांच्यात फाइली प्राटच्या टेक्स्टग्रिड प्रकाराने ये-जा करतात, तेव्हा तुकडे ईलॅनमध्ये आणि मोजणी प्राटमध्ये ही जोडी उत्तम. लहान मुलांच्या भाषेवर काम असेल आणि साहित्य चाइल्ड्स या बालभाषेच्या संग्रहात द्यायचं असेल तर क्लॅन हे साधन. मुलाखतीतून फक्त मुद्दे आणि विषय काढायचे असतील तर ईलॅन शिकायची गरज नाही, मजकुराच्या बाजूला दर मिनिटाला वेळ लिहिली तरी पुरते.

संग्रहात फाइल ठेवण्याआधी एक तपासणी राहते, आणि ती फार थोडे लोक करतात. ईलॅनची फाइल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर, नोटपॅडमध्ये उघडते. आत ध्वनिफाइलचा संपूर्ण पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात संगणकाच्या मालकाचं नाव, कधी मुलाखत दिलेल्या बाईंच्या नावाचा फोल्डरही असतो. पट्ट्यांच्या गुणधर्मांत सहभागी आणि नोंदकर्ता यांची नावं असतात. ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळी नावं बदलली आणि इथे खरी राहिली तर दिलेला शब्द मोडतो. नोटपॅडमध्ये एकेक खरं नाव शोधावं, पत्ता लहान करावा. ध्वनीतली नावं ऑडॅसिटी किंवा प्राटमध्ये झाकावीत. तिथे तुकडा कापून टाकू नये, तेवढ्याच लांबीचा एकसुरी आवाज त्यावर घालावा. कापला तर त्यापुढच्या प्रत्येक नोंदीची वेळ चुकते. शेवटी फाइल आणि ध्वनी एका फोल्डरमध्ये घालून दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उघडून बघावं, आणि निबंधात छापलेल्या पहिल्या उताऱ्यावर क्लिक करून तोच आवाज येतो का ते ऐकावं.